येर्कोला, पहिल्या रातपाळीला

घड्याळ काढून ठेव, येर्को. अंगठीसुद्धा.
पोरीनं दिली असेल तर ती आधी.
ह्याला धातू आवडतो, उंदराला पापड आवडावा तसा:
सगळा खात नाही, कडा कुरतडतो.
तो कडीकोयंडा बघ. गेल्या ईस्टरला नवा बसवलेला.

आता बादलीत बघ, तोंड लांब ठेवून.
मोहरीएवढे मणी. काळे म्हणावेत तर जांभळी झाक,
हाताला आवरत नाही इतके देखणे.
उचल. कळलं?
एवढीशी बादली, आणि वजन अख्ख्या मेंढीचं.

वितळायची वाटही बघत नाही आयोडीन.
तळाला नुसती ऊब लागली
की जांभळा धूर उठतो;
उठतो कसला, बसतोच. हवेहून जड,
फरशीलगत सरकतो, वाकलेल्या माणसाला गाठतो.
म्हणून वाकायचं नाही. सांडलं तर सांडू दे,
आधी मुखवटा, मग फावडं.
डोळे चुरचुरले तर मर्दपणा नको,
तो हिरवा नळ, पंधरा मिनिटं डोळे त्याच्याखाली.
वेळ मी बघेन. तुझं घड्याळ तर खिशात आहे.
झाकण घट्ट. काच चालते, लोखंड नाही.
आणि फरशी पुसायचा अमोनिया
ह्या दाराच्या आत आणलास
तर त्याच्यासकट तुला बाहेर काढीन.
त्या दोघांची सोयरीक पिसाच्या स्पर्शानंही फुटते.

हे सगळं मला बापानं शिकवलं, हातवारे करून.
बोलायला त्याच्याकडे वेळ नसे.
तो ह्याच पांपावर पिंपं बांधायचा,
लहानगी, लाकडाची, वरून ओलं कातडं शिवलेली;
वाळलं की कातडं मुठीसारखं आवळायचं,
मग जांभळी वाफसुद्धा बाहेर पडत नसे.
इकिकेहून जहाज, जहाजातून हॅम्बुर्ग,
तिथून कुठंही.
जगभरच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर
आमचं वाळवंट झोंबत होतं.

आणि वर, कामिन्याच्याही वर,
खेचरानं तीन दिवस,
माझी मावशी कासिल्दा
गळ्याला शाल गुंडाळून मका निवडायची.
शालीखाली गलगंड, आधी लिंबाएवढा, मग पपनसाएवढा.
"गिळलेले शब्द साठलेत," म्हणायची, आणि हसायची,
हसताना शिट्टी वाजे.
शब्द नव्हते ते, येर्को. हेच नव्हतं.
माणसाला जन्मभरात एक चमचा पुरतो ह्याचा,
एक चमचा!
बापानं किती हजार पिंपं शिवली, मी मोजली नाहीत.
मिठात घालून गावात पोचलं तेव्हा
मावशीच्या थडग्यावरचा क्रूस दुसऱ्यांदा रंगवून झाला होता.

थांब.
हातमोजा कुठाय? मी बोलतेय आणि तू—
दे मनगट.
आधी साबण, मग हे हायपोचं पाणी.
बघ, तपकिरी डाग गेला.
तोंड वासू नको, जादू नाही ही,
फोटोवाल्यांकडे बाटलीभर मिळते.
पण हाच डाग झाकून घरी गेला असतास
तर कातडी पोळली असती. दुसऱ्यांदा सांगणार नाही.

एकच सांगते अजून, भोंगा व्हायच्या आत.
माझ्या लग्नात बापाची कॉलर मी खळ घालून
पुठ्ठ्यासारखी कडक केली होती.
कामावरून थेट आला, हात तीनदा धुऊन,
बटण लावायला कॉलर धरली
आणि पांढऱ्यावर पाच बोटं उमटली, निळी, गर्द,
बटाट्याच्या फोडीवर उमटावीत तशी.
सासरचे सगळे बघत राहिले. बाप बोटांकडे बघत राहिला.
मी ती कॉलर धुतली नाही. पेटीत ठेवली.

पण आयोडीन ते. राहत नाही.
पहिल्या वर्षी अंगठा गेला.
करंगळी सगळ्यात शेवटी.

चल, झाकण लाव.
अजून घट्ट.