साडेतेहेतीस इंच

बोहरी आळीतून हे दांडा घेऊन आले,
वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत धरून.
"तीनशे चार ग्रेडचं स्टील आहे. गंजणार नाही."
म्हटलं, चला, घरात एक तरी निघालं तसं.

भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस.
साधा खिळा ठोकायचा तरी अर्धा तास पेन्सिल शोधतो
आणि पेन्सिल असते कानावर.
मी कणीक मळत होते, तर मागून येऊन
माझ्या कोपराला टेप लावला,
चार बोटं वजा केली,
बाथरूमच्या भिंतीवर रेघ ओढली.
साडेतेहेतीस इंच.
एकावन्न वर्षांच्या संसारात
ब्लाउजचं माप विचारलं नव्हतं कधी.

हे सगळं त्या सानिकामुळे.
गुडघ्यांसाठी येते, मंगळवारी, धनकवडीहून,
हेल्मेट काढायच्या आत बोलायला लागते.
आजी, रात्री उठलात की लगेच निघायचं नाही,
पलंगाच्या काठावर बसून वीस मोजायचे.
आजी, दूध तापेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर.
आजी, पाण्यासाठी तहानेची वाट बघू नका.
आणि ही पायपुसणी? सगळी उचला.

सहा होती. जुन्या साड्या फाडून मीच विणलेली.
एकात सुजाताच्या बारशाची मोरपंखी होती.
पोरीला काय ठाऊक.
ती म्हणाली, घसरायला एकच पुरतं.

भोक पाडताना एक टाइल तडकली.
खालच्या तांबोळीबाई जाब विचारायला वर आल्या,
दांड्याला लोंबकळणारे हे बघून
(लोड टेस्ट चालली होती)
गप्प उभ्या राहिल्या,
मग हळूच म्हणाल्या, आमच्याकडे लावाल का?

मी मात्र त्यावर परकर वाळत घातला.
दुसऱ्या दिवशी पंचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा परकर.
त्र्याहत्तर म्हणजे काय वय आहे?
हे काही बोलले नाहीत.
परकर उचलून दोरीवर टाकायचे,
मी दोरीवरून उचलून दांड्यावर.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे तीनला उठले,
सातपर्यंत मोजले आणि वीस धरले.
बाथरूमच्या दारात भिंत जरा पुढे आली.
मग छतही.
मग माझा हात मला न विचारता गेला
आणि परकरासकट मुठीत आले
ते थंड, गोल, घट्ट साडेतेहेतीस इंच.
उभी राहिले. नळ गळत होता.
त्याच्या थेंबांवर
उरलेले तेरा मोजले.

सांगितलं नाही. सकाळी फक्त
परकर दोरीवर होता, मीच घातलेला.
ह्यांनी बघितलं.
चहात साखर नाही म्हणाले,
जी गेली दोन वर्षं नसतेच.

काल पुन्हा वर्तमानपत्राची गुंडाळी आली.
बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी लावायचा म्हणे.
मी कोपर पुढे केलं.
तर टेप माझ्याच हातात देऊन
हे भिंतीला पाठ लावून उभे राहिले.
"या वेळी माझं घे."

आधी उंची घेतली, उगाच.
पाच फूट साडेचार.
कंपनीच्या कार्डावर पाच-सहा आहे, लॅमिनेट केलेलं.
पुन्हा घे म्हणाले. पुन्हा घेतली.
टाचा उचलू नका म्हटलं.
बराच वेळ टेपकडे बघत राहिले,
मग कानावरची पेन्सिल काढून दिली.
"झीज धरूनच माप घ्यायचं असतं.
लिही."