पाहुण्यांना काय दाखवायचं

ह्यांचे मावसभाऊ मोहनीराज नेवाशाहून आले,
जाऊबाई, दोन मुलं
आणि मोबाइलमध्ये एक यादी घेऊन.
चार दिवस, नऊ ठिकाणं.
मी म्हटलं, बघूया की वो,
आधी चहा तर घ्या.

पहिल्या दिवशी किल्ला.
कमल बस्तीच्या छताला लोंबणारं दगडी कमळ
माना मोडून पाहिलं सगळ्यांनी.
थोरला कैवल्य म्हणाला, "हे अजून पडलं कसं नाही?"
दारातले म्हातारे कानडीत काही बोलले.
मी मराठीत सांगितलं,
"तेही रोज हाच विचार करतात म्हणे."
खरं तर ते म्हणाले होते,
पोराचा सदरा उलटा घातलाय.

दुसऱ्या दिवशी गोकाक.
मे महिना. धबधब्याला पाणीच नव्हतं,
नुसता काळा कातळ, तापलेला,
आणि कडेला कणसं भाजणारी एक बाई.
"इथून पडतं," मी हात उंच करून दाखवलं,
परगावी गेलेल्या मुलाची उंची
आई दाखवते तसा.
मोहनीराजांनी तरी फोटो काढला.
करदंट दोन किलो घेतला,
एक गाडीतच संपला.

तिसरा दिवस शहापूरचा, जाऊबाईंसाठी.
गल्लीत मागांची खटखट,
बोलायचं तर कानाशी वाकून.
गंगव्वाने जांभळी साडी उलगडली,
"तुमास्नी लई शोभतंय बगा,"
आणि सासूकडे वळून कानडीत पुटपुटली,
किती सांगू?
सासू म्हणाली एक आकडा.
गंगव्वाने सांगितला दुसरा.
मला कळलं.
मला कळलं हे तिलाही कळलं.
जाऊबाईंनी शंभर कमी केले आणि खूश झाल्या,
मी साडीच्या काठाकडे बघत राहिले.

त्या संध्याकाळी
धाकटी शर्वाणी स्कूटरवर माझ्यापुढे उभी,
टिळकवाडीचं दुसरं गेट आणि नेमकं पडलं.
रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली.
शेंगावाला तेवढ्यात चार पुड्या विकून गेला.
"काकू, त्या पाटीवर ते गोल काय आहे?"
तो र.
डोक्यावर तुरा असलेला गोटा.
"माझ्या नावात पण र आहे!"
आहे की.
तुझ्या नावात तो आपल्यात डोक्यावर चढतो,
त्यांच्यात मागून येऊन बसतो,
पण हे काही मी सांगितलं नाही.
मग रस्ताभर गोटे सापडत गेले:
औषधाच्या दुकानावर, बसच्या कपाळावर,
कुंद्याच्या खोक्यावर एक, खोकं उघडेपर्यंत.

चौथ्या दिवशी यादीत राजहंसगड होता,
मिलिटरी महादेव, मग प्राणिसंग्रहालय.
शर्वाणी म्हणाली, गेट.
कुठलं गेट? तिच्या बापाला कळेना.
शेवटी सगळेच गेलो.
पेरूच्या गाडीशेजारी, बंद दुकानाच्या पायरीवर
पाच माणसं ओळीने,
गेट कधी पडतं याची वाट बघत.
अशी वाट ह्या गावात आजवर कुणी पाहिली नसेल.

पडलं.
मालगाडी आली मिरजेकडून, सावकाश,
डब्यामागून डबा, खडूने लिहिलेले आकडे,
जाऊबाईंच्या नव्या साडीचा पदर वाऱ्याने ताणलेला.
मोहनीराज म्हणाले अठ्ठावन्न डबे.
कैवल्य म्हणाला सत्तावन्न.
रात्री जेवताना तेच,
सकाळी बस सुटतानाही तेच.
मोबाइलमधली यादी
कुणी उघडून बघितली असेल तर मला ठाऊक नाही.

गेल्या सोमवारी ऑफिसला उशीर,
आणि गेट पडलेलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी घड्याळ बघितलं नाही, डबे मोजले.
ओलांडून झाल्यावर, कडेला स्कूटर लावून
नेवाशाला फोन केला.
सत्तावन्न, म्हटलं.
गाडी वेगळी होती, ते कुणीच विचारलं नाही.
पलीकडे कैवल्य ओरडला,
आणि त्याच्याही मागून कुणीतरी बारीक आवाजात:
काकू, पेरूवाला आहे का तिथे?