नाश्त्याला काय खाल्लंत?

साल्तोत, नदीकाठच्या केबल वाहिनीवर
एकोणीस वर्षं मी माइक लावतो आहे.
लोक चेहरे बघतात. मी काचेमागे बसून
डोळे मिटून माणूस ऐकतो.

निवडणुकीच्या चर्चेआधी, आवाजाची पट्टी मिळावी म्हणून,
प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असतो:
आज नाश्त्याला काय खाल्लंत?
उत्तराशी मला देणंघेणं नसतं.

ओरासियो म्हणाला, कॉफी.
आनिबाल म्हणाला, कॉफी, धन्यवाद.
रुबेननं आधी सल्लागाराकडे पाहिलं,
मग म्हणाला, कॉफी.
तिघांचे कोट निळे. वाक्य संपताना
तिघांचीही चिमूट हवेत, जणू मीठ टाकतायत.
एकाला झाकावा, दुसऱ्याला काढावा.
यंत्रात तिघांसाठी मिळून एकच माप होतं,
नाव दिलं होतं ‘उमेदवार’.

मग मिर्ता एचेगाराय आली.
तिच्या झग्याला ना कॉलर, ना कमरपट्टा,
आणि बॅटरीची डबी तर पुरुषाच्या पट्ट्यासाठीच बनलेली.
मी घुटमळलो. तिनं पर्समधून
कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा काढला:
‘घ्या. याच्यावर माझी चार पोरं वाढली.’

नाश्त्याला काय खाल्लंत?
‘धड काही नाही हो! पाव करपला.
खिडकीतून शेजाऱ्याशी भांडत होते ना,
त्याच्या संत्र्याची फांदी माझ्या कुंपणात येते.
फळं कुणाची? कायदा त्याच्या बाजूनं आहे,
मी स्वतः वाचलाय.
पण संत्री माझ्या पोटात आहेत.’
काटा लाल रेषेपाशी जाऊन नाचला.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मी उत्तर ऐकलं.

तेवढ्यात तिच्याच पक्षाच्या पोरानं चिठ्ठी सरकवली:
*वरचे सूर कापा. कानाला टोचतात.*
मी कापले.
कुणी विचारलं तर सांगेन, नोकरी आहे.
अजून कुणी विचारलेलं नाही.

तिघांना पुलाबद्दल विचारलं, कर्जाबद्दल, पुराबद्दल.
तिला विचारलं, रात्री उशीर झाला तर
घरी मुलांकडे कोण बघणार?
तिची धाकटी तिशीची होती, तुरुंगात डॉक्टर.
मिर्ता हसली. मोकळी हसली.
दुसऱ्या दिवशी पेपरात पुलाला दोन ओळी,
हसण्याला अर्धं पान.

आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही:
त्या रात्री माझ्याकडून तारा उलटसुलट झाल्या.
अकरा मिनिटं ओरासियोचं तोंड हलत होतं
आणि आवाज जात होता आनिबालचा.
एकही तक्रार आली नाही.
फोन फक्त एक आला:
बाईंनी केस का बांधले नव्हते?

ती हरली.

पाच वर्षांनी ती परत आली. निळा कोट.
कॉलर होती, पट्टा होता,
डबी पहिल्या झटक्यात बसली.
चालताना मागे दोन सल्लागार, दोघांच्या हातात
तिच्या वाक्यांचे कागद.
यंदा ती निवडून येणार, असं सगळे म्हणत होते,
आलीही.

नाश्त्याला काय खाल्लंत?
माझा हात सवयीनं वरच्या सुरांकडे गेला.
‘कॉफी,’ ती म्हणाली.
सपाट, खालच्या पट्टीत, कुठेही न अडखळता.
कापायला काही उरलंच नव्हतं.
मी ‘उमेदवार’ दाबलं आणि मागे टेकून बसलो.

तो चिमटा अजून माझ्या दिव्याच्या तारेवर आहे.
माइक काढून देताना तिची नजर त्यावर गेली,
क्षणभर थांबली.
‘आभारी आहे,’ ती म्हणाली.
ओळखला की नाही,
आवाजावरून कळेना.