खाली ठेवणे

कंब्रियात, मेंढ्यांच्या गावात,
चर्चमागच्या खोलीत गुरुवारी साडेसहाला
इंग्रजीचा वर्ग भरतो.
हीटर एकच, तोही खोकणारा.
मी चहा करते आणि हजेरी घेते.

आज फळ्यावर: पुट डाउन.
"सोपं आहे," मिसेस बर्केट म्हणाल्या.
सत्तरी उलटलेली, बोटांना लोकरीचा तेलकट वास,
खडू धरतात मेंढीचा कान धरावा तसा.
"पुट म्हणजे ठेवणे, डाउन म्हणजे खाली,"
आणि हातातला कप टेबलावर ठेवून दाखवला.

तेस्फालेमने वहीत उतरवलं, तिग्रिन्यात.
अंड्यांच्या पॅकिंगमध्ये रात्रपाळी करतो तो.
इंग्रजी शब्दांनाही तसाच हात लावतो,
फुटतील म्हणून.

मग बाईंची गाडी घाटात शिरली.
नाव यादीत पुट डाउन करतात,
घर घेताना आगाऊ रक्कम,
तान्हं बाळ पाळण्यात, राजे लोक बंड,
आणि चारचौघांत नवरा बायकोला...
इथे त्या जरा थांबल्या.
"अपमान करणे. लिहा."

"बाळ आणि बंड, दोन्हीला एकच शब्द?"
युक्रेनची ओल्हा.
"दोन्ही रात्री ओरडतात," बाई म्हणाल्या.
हसलो सगळे.

हसताहसता तेस्फालेमने हीटरखाली पाहिलं.
"आज मॉस नाही आला?"
तिथली गोधडी तेवढी होती, केसांसकट.

"वी हॅड टू पुट हिम डाउन," बाई म्हणाल्या. "मंगळवारी."

त्याचा चेहरा उजळला.
आख्खं वाक्य, एकही शब्द न निसटता,
पहिल्यांदा त्याच्या हाती लागलं होतं.
त्याने विचारलं, "कुठे?"

ओल्हाने पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

माझ्या भाषेत माणसं मरून जातात.
जातात कुठे, विचारत नाही कुणी.
मारून टाकतात; टाकतात कुठे?
रडून घेते मी कधीकधी,
घेते म्हणजे नक्की काय घेते
हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सातवा अर्थ सांगता आला असता बाईंना.
फळ्यावर जागा होती.
त्या म्हणाल्या,
"स्वयंपाकघरात. माझ्या जुन्या कोटावर.
चढता येत नव्हतं त्याला टेबलावर,
म्हणून डॉक्टरच गुडघ्यांवर बसले.
मी त्याला उचललं होतं दारापासून.
जड नव्हता मुळीच.
मग खाली ठेवला."

"छान," तेस्फालेम म्हणाला, "कोट गरम असतो."
आणि गेल्या गुरुवारचा धडा आठवून,
प्रत्येक शब्द निरखत,
"मग पिक अप कधी?"

बाहेर कुणाची तरी व्हॅन मागे घेत होते, पीं पीं पीं.
ओल्हा त्याच्याकडे झुकली, कानात काहीतरी म्हणाली.
तो उभा राहिला. टोपी काढली. पुन्हा बसला.
वहीतल्या ओळीवर बोट ठेवून राहिला,
खोडलं मात्र काही नाही.

"पान बेचाळीस," बाई म्हणाल्या. "रिकाम्या जागा भरा."

कप परत त्यांच्या हातात होता, कधी घेतला कळलं नाही.
बोलताना, फळा पुसताना, हजेरीवर सही करताना
त्यांनी तो खाली ठेवला नाही.
साडेआठला मीच काढून घेतला.
साय आली होती चहावर.
धुतला, पालथा घातला.