चेंडू पडेल तो रस्ता

चार्ल्स्टनमध्ये रस्ता मी निवडत नाही.
नाक्यावरच्या खोक्यात हौजीसारखं एक यंत्र आहे,
फिरवलं की एक चेंडू टपकन खाली.
त्याच्या रंगावरून ठरतं
आज शहराचा कुठला तुकडा तुमच्या वाट्याला.
एकोणीस वर्षं झाली,
कुठला इतिहास सांगायचा
हे मला चेंडू सांगतो.

बसा. मी थॅडियस मझीक.
ही डेल्फीन. खेचर आहे.
घोडा म्हणू नका, कान पाडते.
टोपी सांभाळा, ओकच्या फांद्या खाली आल्यात.

डावीकडे बघा,
घरं रस्त्याला खांदा लावून उभी आहेत.
ते देखणं दार उघडलंत
तर घरात नाही, ओसरीवर याल,
म्हणजे दारामागे पुन्हा बाहेरच.
माझी लुरीन मावशी या घरात एकतीस वर्षं चादरी धूत होती.
हे दार तिनं कधी ढकललं नाही.
तिची वाट मागच्या बोळातून,
अजूनही तिथं अंजिराचं झाड आहे.

भिंतीवरची ती लोखंडी फुलं नक्षी नव्हेत.
भूकंपानंतर घरं फाकायला लागली,
तेव्हा आरपार सळ्या घालून आवळली त्यांना.
ओसरीचं छत निळं का, तर
भुतांना वाटावं, हे पाणी आहे,
आणि ओलांडता येऊ नये.
हल्ली तो रंग दुकानात मिळतो, डब्यात.
कुणाची भुतं, ते डब्यावर नसतं.

थांबा. डेल्फीनला लागलीय.
आता मी इथं एक छोटा झेंडा टाकणार,
वायरलेसवर सांगणार,
मागून टाकीची गाडी येऊन रस्ता धुणार.
हसा, हसा. सगळेच हसतात.

मग हा कोपरा.
इथं मी नेहमी म्हणतो, पुढच्या चौकात कोळंबी आणि मक्याच्या कण्या खा,
लोणी जास्त मागा,
आणि लगाम जरा सैल सोडतो.
पण त्या दिवशी डेल्फीन अडली.
आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ,
आणि गटाराच्या जाळीतून समुद्र वर येत होता,
हळूच, घरचाच असल्यासारखा.

ओहायोची एक पोर खाली उतरली,
पुढचा दात पडलेला, हातात वितळतं आइस्क्रीम.
भिंतीजवळ गेली. म्हणाली,
विटेला भोकं आहेत.

भोकं नाहीत गं, बोटं आहेत.
ओल्या विटा उन्हात उलटायचं काम पोरांचं.
विकत घेतलेली पोरं, नाहीतर विकत घेतलेल्या आयांची.
वीट भाजली गेली,
बोटं तशीच राहिली.

तिनं आपलं बोट आत घातलं.
बरोब्बर बसलं.

याचं नाव काय होतं?

माझ्याकडे नावं पुष्कळ आहेत.
या घराच्या मालकाचं, त्याच्या दोन्ही बायकांचं,
त्याच्या जहाजाचं,
पायरीखाली पुरलेल्या त्याच्या कुत्र्याचंसुद्धा.
एकोणीस वर्षांत मी कुत्र्याचं नाव किती वेळा घेतलं असेल!

आई म्हणाली, हात तस्साच ठेव, फोटो काढते.
पोरीनं हात काढून घेतला,
फ्रॉकला पुसला,
पुन्हा पुसला.

पाणी विटांच्या दुसऱ्या थराला टेकलं.
वायरलेसवर हुकूम आला, गाडी वळवा.
कण्या राहिल्या सांगायच्या,
सूर्यास्ताची जागा राहिली,
निम्मे पैसे परत.

संध्याकाळी डेल्फीनचा साज उतरवला,
पाठ ओल्या फडक्यानं पुसली.
चेंडू यंत्रात परत गेला होता, उद्यासाठी.
सीटखाली अभिप्रायाचं कार्ड सापडलं,
चिकट, पेन्सिलीनं लिहिलेलं:

खेचर चांगलं आहे.
गाडीवाल्याला नाव माहीत नाही.