हात काढून घेताना

सुभाषनगरात, माझ्या अंगणात,
वाद्या भिजत घातलेल्या घमेल्याभोवती
एक कुत्री फिरते. कापशी.
नाव चपलेवरून. कान तसेच, दोन्ही बाजूंनी लोंबते.

पहिल्यांदा तिला बसवलं ते कमरेवर हात ठेवून.
हलकं दाबायचं, म्हणायचं, बस.
ती बसायची. हात उचलला की उठायची.
हौसाआत्या म्हणाली,
"अगं, तुझा हात बसतोय. कुत्री न्हवं."

मग दाबणं सोडलं.
मुठीत खारीचा तुकडा,
नाकापासून डोक्यावर, जरा मागं,
मान वर गेली की ढुंगण आपोआप खाली.
आठ दिवस खारी.
नवव्या दिवशी मूठ रिकामी.
ती बसली, मूठ हुंगली,
आणि माझ्याकडं असं बघितलं
जसं गिऱ्हाईक बघतं भाव ऐकल्यावर.
दुसऱ्या हातानं दिला तुकडा. उशिरा, पण दिला.
फसवायचं नव्हतं मला.

पुढं मूठ उघडली, नुसता तळवा.
तळव्याचं एक बोट.
बोटाचं जरासं हलणं.
एकदा घाई केली, सगळंच काढून घेतलं,
तर अंगणाच्या मधोमध उभी राहिली
त्र्यंबोलीच्या जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी.
परत कमरेवर हात. परत पहिल्यापासून.
त्यात कमीपणा काय?
वेणी चुकली की उसवतोच की आपण.

माझ्या हातांना कातड्याचा वास.
साबणानं जात नाही,
लग्नातल्या मेंदीखालीही होता.
मला वाटायचं, कापशी शब्द ऐकते.
ती वासामागं चालायची.
कळलं कधी, तर शेजारच्या शोभाच्या पोरानं
दारातनं "बस" म्हणून बघितलं, आणि ही ढिम्म.
तेव्हापासून हात पाठीमागं बांधून उभी राहते मी,
बाईंनी वर्गात उभं केल्यासारखी.

खरं सांगू, कुत्री पंधरा दिवसांत शिकली.
हाताला महिना लागला.
ती बसलेली असायची, आणि हा आपला हवेत,
आता काय करू म्हणून.

हौसाआत्यानं मला पहिली वेणी शिकवली
माझ्या बोटांवर तिची बोटं घालून, सात पदरी.
तिची बोटं कधी निघाली, मला आठवत नाही.
काल विचारलं.
वाद्या मोजता मोजता म्हणाली,
"मी च्या ठेवाय उठलो हुतो."

आज दुपारी दोन्ही हात घमेल्यात,
कोपरापर्यंत ओले,
तोंडानंच म्हटलं, तेही हळू, बस.
कापशी बसली.
नेमकी उन्हात वाळत घातलेल्या
दहा नंबरच्या जोडावर.
कुणाचा तरी लग्नाचा जोड. उद्या न्यायला येणार.

"ऊठ" अजून शिकवलेलं नाही.