कासिर

शारजाच्या कोर्टात तिसऱ्या मजल्यावर
एसी असा असतो की बारा महिने
पर्समध्ये मी स्वेटर ठेवते.
आज तो तिच्या अंगात आहे.
बाह्या बोटांच्या पुढे लोंबतायत.

पासपोर्टात ती कलावती, वय सव्वीस,
जन्म एक जानेवारी.
त्या एजंटाच्या सगळ्याच बाया एक जानेवारीला जन्मतात.
एजंट तिच्याच तालुक्यातला, जिंतूरकडचा, गावात त्याला दादा म्हणत.
कलावती तिची मावशी.
बाळंतपणात गेली, कागद मागे राहिले.

बाकावर बसलीय ती दीक्षा.
शिपायाने दिलेले खजूर खाऊन
पाच बिया ओढणीला पुसल्यात
आणि सागरगोटे मांडलेत:
एक वर, चार खाली.
शमसा नावाची पोलीसबाई बघत उभी आहे,
थांब म्हणत नाही.

घरकामाला म्हणून आणलं होतं.
ते घर नव्हतं.
पुढची चार पानं मी भाषांतर करून सही केलीयत,
इथे पुन्हा लिहिणार नाही.

आरोपीचा वकील सावकाश बोलतो, माझ्या सोयीसाठी.
त्याचं म्हणणं एवढंच, की ती राजी होती.
राजी.
शब्द इथलाच. कधीतरी गलबतात बसून आमच्याकडे आला,
खरेदीखतात शिरला, सोयरिकीत शिरला,
राजीखुशी झाला.
मला त्याचं काही करावं लागलं नाही,
ज्याचा त्याला परत केला.

न्यायाधीश विचारतात, तू आपणहून आलीस?
मी तिच्या भाषेत विचारते.
ती म्हणते, "व्हय."

आता हा व्हय.
हा गोष्ट ऐकताना द्यायच्या हुंकारातला.
मास्तरांनी समजलं का विचारल्यावरचा,
चुलता म्हणाला गाडीत बस, तेव्हाचा.
अरबीत माझ्याजवळ एकच आहे: नअम.
शपथ घेतलीय, पदरचं घालणार नाही.
मी म्हणते, नअम.
वकील पेनचं टोपण लावतो.

मग डॉक्टर येतात, फिल्म उजेडाला धरतात.
डाव्या मनगटाचं हाड,
टोकाशी बारीक काळी फट.
अजून जुळलेलं नाही, डॉक्टर म्हणतात,
ही वाढते आहे.
सव्वीसच्या हाडात ही फट नसते.
पंधरा धरा. फार तर सोळा.
दोरा जाईल न जाईल एवढी जागा,
आणि कायद्याला पाय ठेवायला तेवढीच पुरली.

अठराच्या आतला होकार
होकार म्हणून मोजत नाहीत, न्यायाधीश वाचून दाखवतात.
तिला ते म्हणतात कासिर.
आमच्या कोर्टात याला अज्ञान म्हणतात.
जणू तिला काही ठाऊकच नाही.
तिला जे ठाऊक आहे
ते या खोलीत कुणाला नाही.

कासिर, म्हणजे जी अजून पुरी पडत नाही.
याच मुळापासून आमच्याकडे कसूर आला.
वाटेत कुठे काय झालं कोण जाणे,
इथून निघाला तेव्हा कमी वय सोबत होतं,
आमच्या वेशीत शिरला तो गुन्हा होऊन.
गावाकडे फोन लावला तेव्हा
तिची आई पहिलं हेच बोलली होती:
पोरीचा काही कसूर?

नाही, मी म्हटलं होतं.
ते भाषांतर नव्हतं.

पुढची तारीख पडते. लोक उठतात.
बिया मुठीत गोळा करत ती माझ्याकडे वळते:
"म्हंजी आता मी परत पंधराची का, मॅडम?"

कारकून मान वर करतो, काय म्हणाली?
कोर्टाला उद्देशून काही नाही, मी सांगते.

खाली पार्किंगमध्ये बेचाळीस अंश.
गाडीत बसल्यावर लक्षात येतं,
स्वेटर तिच्याकडेच राहिला.